न जळालेल्या घराचा अर्ज

पौडच्या तहसील कचेरीसमोर अर्ज लिहिणाऱ्यांची टेबलं आहेत, त्यातलं तिसरं अलमास मुलाणीचं. आधी तिथं तिचे वडील बाबालाल बसायचे. ते गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ती त्यांच्या खुर्चीत बसली, कारण लोकांचे अर्ज अर्धवट पडले होते आणि माणसं घरी येऊन विचारत होती. त्याला आता सहा वर्षं झाली. वारसनोंद, सातबाऱ्यावर चुकलेलं नाव, मोजणीवरची हरकत, असलं सगळं ती लिहिते. लग्न केलं नाही. वय अडतीस. आवाज असा की बाहेर कुणाला झाडणं चाललंय ते आतल्या कारकुनालाही कळतं.

झाडते ती बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून.

"वाचलंस का?"

"तुमी लिवलंय म्हंजे बरोबरच आसंल की, ताई."

"मी तुझी म्हैस माझ्या नावावर लिवली आसंल तर? वाच. येत न्हाई तर मी वाचते, तू ऐक. मंग सही."

लोक चिडतात, तरी येतात तिच्याचकडे. आणि अशा बाईच्या सख्ख्या भावानं कोऱ्या कागदावर सही करून दिली होती.

मतीन तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. अब्बा गेल्यानंतर वर्षभरानं तो शिकायला न्यू जर्सीला गेला. पाठवलं ते जांबे गावातल्या एका कन्सल्टंटनं; हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं त्याच्याकडे जायची म्हणून हाही गेला. दुसऱ्या वर्षी मतीनचा अभ्यासक्रमच कॉलेजनं बंद केला आणि विद्यार्थी म्हणून असलेली त्याची नोंद, म्हणजे तिथं राहायची परवानगीच, गेली. कन्सल्टंट म्हणाला, घाबरू नकोस, तिकडं आमचा माणूस आहे, तो नोंद परत करून देईल. मतीननं पासपोर्टच्या प्रती दिल्या, घरच्या कागदांच्या प्रती दिल्या, मागितल्या तेवढ्या सह्या दिल्या. काही महिन्यांनी त्याला काम करायचं परमिट मिळालं. सगळं सुरळीत झालं असं समजून तो एका औषधांच्या गोदामात कामाला लागला.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, संध्याकाळी अलमास टेबल आवरत असताना त्याच्या खोलीतल्या मुलाचा फोन आला. तो तेलुगू, हिंदीत बोलत होता. "दीदी, मतीन को सुबह ले गए. घर के बाहर से. बोल रहे हैं डिपोर्टेशन का ऑर्डर है, दो साल पुराना."

"कैसा ऑर्डर? कोर्ट में केस कब हुआ?"

त्याला काही माहीत नव्हतं. मतीनलाही नव्हतं. कोर्टानं तारीख दिली होती, मतीन हजर झाला नाही, म्हणून त्याच्या माघारी हद्दपारीचा हुकूम झाला होता. तारखेचा कागद त्याला कधी मिळालाच नव्हता.

घरी आई, रोशनबी, बांगड्यांचे डबे लावत बसली होती. अलमासनं तिला सरळ सांगितलं. रोशनबी म्हणाली, "चोरी केली का त्यानं?"

"न्हाई."

"मंग धरला कशापायी?"

अलमासला उत्तर माहीत नव्हतं, आणि उत्तर माहीत नसलं की तिला राग येतो.

दुसऱ्या दिवशी टेबल बंद ठेवून ती जांब्याला गेली. कन्सल्टंटचं ऑफिस एका जिमच्या वर होतं. भिंतीवर विमानाचं चित्र, हसऱ्या पोरांचे फोटो. मालकाचं नाव कैलास. चाळिशीचा, स्वच्छ दाढी, बोलणं गोड.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "आपण अपील टाकू. आपले अटर्नी आहेत तिकडं."

"नाव काय त्यांचं?"

"टीम आहे मॅडम, एक नाव असं नाही."

"वकील टोळीनं सनद काढतात का? एका माणसाचं नाव सांगा. आणि सनदेचा नंबर."

कैलास हसला. "ते तुम्हाला कशाला? तुम्ही फक्त हे ऑथरायझेशन साइन करा." त्यानं कागद पुढं सरकवला. खालची सहीची जागा रिकामी होती आणि वरचाही बराचसा कागद रिकामाच होता.

अलमासनं तो कागद उचलला, चार तुकडे केले आणि त्याच्याच टेबलावर ठेवले. "माझ्या भावाच्या फायलीची प्रत द्या. आत्ता. नाहीतर मी खाली जिमच्या दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगते तुम्ही काय करता ते."

तिचा आवाज बाहेर बसलेल्या पोरांपर्यंत गेला असणार. कैलासनं तिथल्या ऋतिका नावाच्या मुलीला प्रती काढायला सांगितलं. प्रती घेताना अलमासनं काउंटरवरचं माहितीपत्रकही उचललं. असा कागद ती कुठलाच सोडत नाही.

घरी येऊन तिनं फाइल वाचली. विद्यार्थ्याच्या नोंदीचा अर्ज त्यात नव्हताच. होता तो आश्रयाचा अर्ज. मला माझ्या देशात जिवाला धोका आहे, म्हणून मला इथं राहू द्या, असा. कामाचं परमिट मिळालं होतं ते याच अर्जावर. सोबत चार पानांचं निवेदन, इंग्रजीत, "मी, मतीन बाबालाल मुलाणी" असं सुरू होणारं. शब्दकोश शेजारी ठेवून ती एकेक ओळ वाचत गेली. रिहे या त्यांच्या मूळ गावातलं घर गावच्या जमावानं जाळलं. जमावाचा म्होरक्या गावचा माजी सरपंच हैबतराव. बहिणीला, म्हणजे तिला, रस्त्यात धरून मारलं. आणि वडील बाबालाल हैबतरावच्या माणसांच्या मारानं मेले.

बाबालाल मेले ते किडनीच्या आजारानं, पुण्याच्या दवाखान्यात. त्यांना तिथं नेलं होतं हैबतरावांच्या जीपमधून. हैबतरावांचं नाव अर्जात आलं कुठून, तेही तिला कळलं. मतीननं परदेशी जाताना जी कागदपत्रं दिली होती त्यात हैबतरावांनी दिलेला चांगल्या वर्तणुकीचा दाखला होता. लिहिणाऱ्याला म्होरक्या म्हणून एक नाव हवं होतं, त्यानं ते दाखल्यावरून उचललं.

पाच वर्षं दुसऱ्यांचे अर्ज लिहिणाऱ्या त्या बाईनं आपल्या मेलेल्या बापाबद्दलचं ते वाक्य तीनदा वाचलं. मग उठून मोरीत गेली, तोंडावर पाणी मारलं, आणि परत येऊन चौथ्यांदा वाचलं. रडली नाही.

वकील शोधायला तिला नऊ दिवस लागले. मतीनला ठेवलं होतं तिथल्या भिंतीवर स्वस्तात काम करणाऱ्या वकिलांची यादी लावलेली होती, ती त्यानं फोनवर वाचून दाखवली. अलमासनं एकेक नाव त्या राज्याच्या वकिलांच्या नोंदवहीत इंटरनेटवर तपासलं. एकाची सनद स्थगित होती. दोघांनी फोन उचलला नाही. एक म्हणाला, शंभर टक्के सोडवतो. त्याचं नाव तिनं तिथल्या तिथं खोडलं. पाचवी एक वयस्क वकीलबाई होती. तिनं काहीच कबूल केलं नाही. आधी लेखी करार पाठवला, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की हे काम फक्त खटला पुन्हा उघडण्याचं. अपील करावं लागलं तर त्याचा करार वेगळा. अलमासनं करारातल्या अकरा शब्दांचे अर्थ विचारले. वकीलबाईनं अकराही सांगितले. मग मतीननं सही केली.

पहिल्याच बोलण्यात वकीलबाईनं विचारलं, "या निवेदनातलं खरं किती आहे?"

"माझ्या वडलांच्या नावाचं स्पेलिंग बरोबर आहे," अलमास आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली.

मग वकीलबाई म्हणाली, "मग नीट ऐका. कोर्टाची नोटीस तुमच्या भावाला मिळाली नाही, या मुद्द्यावर मी खटला उघडायला मागू शकते. पण उघडल्यावर हा अर्ज समोर येणार. खोटा आहे हे माहीत असून आपण तो तसाच चालवला आणि पकडला गेला, तर या देशाचं दार तुमच्या भावाला जन्मभर बंद. आणि खोट्याखाली मी सही करणार नाही. खरं सांगितलं तर त्याला बहुतेक परत यावं लागेल, पण हद्दपारीच्या शिक्क्याशिवाय. निर्णय त्याचा आहे, तुमचा नाही."

मतीनला फोनवर पंधरा मिनिटं मिळायची. तो म्हणाला, "आपा, राहू दे ना तसंच. इथं सगळे हेच करतात. कदाचित जज मान्यही करेल."

"काय मान्य करंल? मला रस्त्यात धरून मारलं ते?"

"कागदावरच आहे ना ते."

"कागदावरच!" अलमास एवढ्या जोरात ओरडली की शेजारची बाई दारात आली. "माझं पोट कागदावर चालतं, मतीन. माणसं कागदावर जमिनीला मुकल्यात, मी रोज बघते. तू वाचलंस का काय लिहिलंय?"

"नाही. कोऱ्या पानावर सही घेतली होती."

"अब्बांना हैबतकाकांनी मारलं असं लिहिलंय."

"अब्बांचं लिहिलंय?" मतीननं विचारलं. "मी दवाखान्यात होतो आपा. मी त्यांच्या पायाशी बसलो होतो."

"मला म्हाईत हाय."

"काढून टाक ते. वकीलबाईंना सांग, सगळं काढा."

काढायचं तर पुरावा हवा होता. मृत्यूचा दाखला होता. घराचा फोटो काढता येणार होता, कारण रिह्यातलं ते घर पत्र्यासकट उभं होतं. पण वकीलबाईला आणखी एक कागद हवा होता: ज्याच्यावर आरोप आहे त्याचं प्रतिज्ञापत्र.

सप्टेंबरमधल्या एका सकाळी अलमास स्कूटरवरून रिह्याला गेली. हैबतराव सत्तरीचे. ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होते. "ये पोरी," म्हणाले. "मतीनचं कळलं. सुटला का?"

"न्हाई काका. त्याच्याच कामाला आलेय. आधी समदं ऐकून घ्या, मंग बोला."

तिनं निवेदन मराठीतून वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. बाबालालच्या मरणाचं वाक्य आलं तेव्हा हैबतरावांनी विळा खाली ठेवला.

"आगं, माझ्या जीपमदी घालून न्हेला बाबालालला. त्याचं डोस्कं माझ्या मांडीवं व्हतं. आन म्या मारला?"

"म्हाईत हाय, काका."

"तुझ्या भावाची सही हाय न्हवं खाली?"

"हाय."

"मंग नीघ. ऊठ आन नीघ माझ्या दारातनं!" म्हातारा उभा राहिला. "दाखला दिला म्या त्याला. चांगला पोरगा म्हनून लिवून दिलं. त्याचं ह्ये पांग फेडलं?"

अलमास उठली नाही. "त्यानं वाचलं न्हवतं. कोऱ्यावर सही केली, ह्यो त्याचा गुन्हा. त्यासाठी तो कोठडीत हाय. लिहिणारा दुसराच हाय. आमाला ह्ये खोडायचंय. तुमी लिवून द्या की ह्ये घडलं न्हाई."

"म्या का लिवून देऊ? म्या खून केला न्हाई, ह्ये म्याच सांगत फिरू व्हय?" मग आवाज खाली आला. "का आमी वाईटच वाटतो तुमास्नी? आसंल मनात, म्हनून उतरलं कागदावं."

इथवर अलमासनं दम धरला होता. आता तीही उभी राहिली.

"मनात काय हाय ते सांगू? खोऱ्यातल्या जत्रंत अम्मीचं बांगड्यांचं दुकान तीस वरसं लागायचं. तीन वरसांमागं कमिटीनं सांगितलं, ह्यांना जागा द्यायची न्हाई. तुमी बसला व्हता तितं. अम्मी तुमच्याकडं बघत व्हती. तुमी काय बोलला?"

हैबतराव परत ओट्यावर बसले.

"काय बी न्हाई बोलला. त्ये बी खरं हाय काका, आन त्येचा राग माझा गेल्याला न्हाई. पन तो राग मी तुमच्या दारात येऊन तुमच्या तोंडावं काढीन. दुसऱ्या देशातल्या जजला सांगून न्हाई. आन घर जाळलं, बाप मारला, असलं तर मरंस्तोवर न्हाई."

घरातून कोणीतरी पाणी आणून ठेवलं. ते कोणीच घेतलं नाही. मग हैबतराव भिंतीकडे बघत म्हणाले, "सोमवारी येतो पौडाला. लिवून ठीव."

सोमवारी ते आले. नोटरीपुढं सही करायच्या आधी म्हणाले, बाबालाल माझा मैतर व्हता, त्ये बी घाल. कायद्याच्या दृष्टीनं त्याची गरज नव्हती, तरी अलमासनं घातलं. घरासमोर फोटो काढताना वकीलबाईनं सांगितल्याप्रमाणे रोशनबी आणि हैबतराव दोघांनाही उभं केलं. रोशनबी म्हणाली, "हुबी ऱ्हाते. बोलणार न्हाई." फोटोत दोघांच्या मध्ये आणखी एक माणूस मावेल एवढी जागा आहे.

पहिल्या जजनं खटला उघडायला नकार दिला. त्याचं म्हणणं, नोटीस अर्जातल्या पत्त्यावर गेली होती. पत्ता चुकीचा दिला तर तो अर्जदाराचा दोष. अपिलाला तीस दिवस. वकीलबाईनं ठरल्याप्रमाणे नवा करार पाठवला आणि विचारलं, हा पत्ता नेमका कोणाचा?

अलमासनं तो पत्ता वाचला. तसल्या पत्त्यावर मतीन कधी राहिला नव्हता. इमारतीचा नंबर, पुढं खोलीचा नंबर, त्यापुढं एक इंग्रजी अक्षर. सातबाऱ्यावर गट नंबरापुढचा एक आकडा चुकला तर शेत दुसऱ्याचं होतं. असले आकडे बघायची तिच्या डोळ्यांना सवय. तिनं कैलासचं माहितीपत्रक काढलं. मागच्या बाजूला "आमचं अमेरिकेतलं ऑफिस" म्हणून तोच नंबर, तीच खोली, तेच अक्षर छापलेलं होतं. कोर्टाची नोटीस त्यांच्याच ऑफिसात गेली होती आणि त्यांनी ती मतीनला दिली नव्हती.

"हरामखोर!" ती टेबलाशी बसल्या बसल्या म्हणाली. समोर बसलेला शेतकरी दचकला. "तुमाला न्हाई हो," ती म्हणाली, आणि त्याचा अर्ज पुढं लिहायला घेतला.

अपील मंजूर व्हायला पाच महिने गेले. तेवढा काळ मतीन आतच होता. हुकूम रद्द झाला, खटला उघडला. वकीलबाईनं आश्रयाचा अर्ज मागं घेतला, तो कसा झाला ते प्रतिज्ञापत्रांसह सांगितलं, आणि स्वतःच्या इच्छेनं देश सोडायची परवानगी मागितली. नव्या जजनं ती दिली. मतीन एप्रिलमध्ये मुंबईला उतरला, एक बॅग घेऊन, अकरा किलो कमी होऊन.

पहिला महिना तो अलमासशी बोललाच नाही. मग एकदा जेवताना ताट सरकवून म्हणाला, "तू गप्प राहिली असतीस तर मी तिकडं असतो."

"कोठडीत असतास."

"कदाचित बाहेर असतो. तुला खात्री नव्हती. मलाही नव्हती. वकीलबाईलाही नव्हती."

"व्हय," अलमास म्हणाली. "नव्हती खात्री." तिला अजूनही ते नाकारता येत नाही. मग म्हणाली, "पन काढून टाक म्हणाला होतास तू. मी न्हाई."

तो उठून बाहेर गेला. ही भांडणं त्यांच्यात अजून होतात.

कैलासविरुद्ध तिनं पोलिसांत तक्रार दिली. तिची एकटीची तक्रार होती तोवर ठाण्यातले साहेब म्हणत होते, सही तुमच्या भावानं केली ना मग. मे महिन्यात जांब्याच्या साळूबाई तिच्या टेबलाशी आल्या. तीन मजली घर, खोल्या सगळ्या कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या. त्यांचा मुलगा कैलासमार्फतच गेलेला, त्यालाही पकडलं होतं. अलमासनं त्यांचे कागद पाहिले. तेच चार पानांचं निवेदन. तीच वाक्यं, त्याच क्रमानं. फक्त इथं साळूबाईंचं घर मुसलमानांच्या जमावानं जाळलं होतं.

"आगं बया," साळूबाई म्हणाल्या, "कुनी जाळलं? वरच्या मजल्यावं काल तर रंग दिला."

अलमासनं दोन्ही निवेदनं शेजारी शेजारी ठेवली आणि सारख्या ओळींखाली लाल पेन ओढत गेली. ठाण्यात साहेबांनी ती पानं बघितली, आणि या वेळी गुन्हा नोंदवून घेतला. जबाब द्यायला मतीनला बोलावलं. अलमासला वाटलं होतं तो येणार नाही. तो आला. कोऱ्या पानावर सही केली हे त्यानं साहेबांपुढं, आईपुढं, साळूबाईंपुढं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. कान लाल झाले होते, पण सांगितलं.

जत्रेत रोशनबींना याही वर्षी जागा मिळाली नाही. हैबतराव कमिटीच्या बैठकीत तिच्या बाजूनं बोलले म्हणतात, एकटेच बोलले.

मतीन आता पौडला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो आणि पुढच्या वर्षी दुबईला जायचं म्हणतो. जांब्यातल्या जिमवरच्या ऑफिसला नवीन नावाची पाटी लागली आहे. कैलास जामिनावर आहे. खटल्याची पुढची तारीख नोव्हेंबरात आहे, आणि अलमास त्या दिवशी टेबल लावणार नाही, असं तिनं आताच सगळ्यांना सांगून ठेवलंय.